पुटी की अर्बुद? : जबड्याच्या गाठींचे नामकरण व उपचार

जबड्याच्या हाडात द्रवाने भरलेली पोकळी आढळली, म्हणजे तिला पुटी म्हणावे की अर्बुद, हा प्रश्न वरकरणी कोशकाराचा वाटतो. प्रत्यक्षात ती गाठ सोलून काढावयाची की हाडासकट कापावयाची, हे पुष्कळदा त्याच्या उत्तराशी निगडित असते. नाशिक येथे १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेतील दंतवैद्यकाचा विद्यार्थी हा विषय इंग्रजीतून शिकतो. रुग्णाशी मात्र त्याला बहुधा मराठीतच बोलावे लागते, आणि 'ट्यूमर' म्हटले की ऐकणारा कर्करोगच समजतो.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी व अर्बुद यांची लक्षणे निरनिराळी दिली आहेत. अर्बुद हे गोल, स्थिर, मंद वेदनेचे, सावकाश वाढणारे व न पिकणारे. मराठी परिभाषेने हा शब्द उचलला खरा. पण पुटीला 'द्रवार्बुद' असाही पर्याय देऊन सीमारेषा पुसट केली.

पाश्चात्त्य परिभाषाही याबाबतीत फारशी स्थिर नाही. फिलिप्सेन यांनी १९५६ मध्ये 'ओडोन्टोजेनिक केराटोसिस्ट' हे नाव योजिले. ही पुटी मज्जेतून लांबवर पसरते, जबडा बाहेरून फारसा फुगत नाही, व काढल्यावरही ती पुन्हा उद्भवते. म्हणून २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची गणना अर्बुदांत केली; २०१७ मध्ये ती पुन्हा पुटींत आली. पेशी त्याच राहिल्या. नाव पालटले एवढ्यावरून उपचार सौम्य करणे युक्त नव्हे.

अमेलोब्लास्टोमा हे खरे अर्बुद. त्यातही पोकळ्या असतात. क्ष-किरणचित्रात ते साबणाच्या फेसासारखे दिसते, पण केराटोसिस्टही कधी तशीच दिसते. सुईने काढलेला द्रव दिशा दाखवितो, निर्णय ऊतक-परीक्षणाचा. साधी पुटी अस्तरासह सोलून काढतात. फार मोठी असल्यास तिला तोंड पाडून आधी आकुंचित होऊ देतात. केराटोसिस्टमध्ये भोवतालचे हाडही थोडे खरवडतात. बहुकोष्ठी अमेलोब्लास्टोमा मात्र केवळ खरवडल्यास वारंवार परततो. तेथे सामान्यतः १ ते २ सेंटिमीटर निरोगी हाडासह भाग कापावा लागतो.

यापुढे वर्षानुवर्षे तपासणी हवी. रुग्णास 'साधी गाठ' एवढेच सांगितले, तर भीतीबरोबर फेरतपासणीची गरजही त्याच्या मनातून जाते. 'कर्करोग नव्हे, पण परतू शकणारी गाठ' हा शब्दप्रयोग लांबट असला तरी येथे तोच वापरणे इष्ट.