तेलाचे थेंब आणि घरातली दुखणी

दाढ ठणकायला लागली की रात्र सरता सरत नाही. अशा वेळी लवंगेच्या तेलाचा बोळा आठवला नाही, असे घर आमच्या जालन्याकडे विरळाच! कापूस वेचून कंबर धरली की निलगिरीची बाटली निघते, डोके चढले की कपाळाला बाम. मैत्रिणींनो, हे ‘आजीबाईचे’ म्हणून हसण्यावारी नेऊ नये. आणि झाडपाल्याचे म्हणून निर्धास्तही राहू नये.

लवंगेच्या तेलात मुख्यतः युजेनॉल असते. ते तेवढी जागा बधिर करते. दातांचे डॉक्टरसुद्धा झिंक ऑक्साइडमध्ये युजेनॉल कालवून दातात तात्पुरते भरतात. पण ठणका थांबला म्हणजे कीड गेली असे नाही. बोळा रात्रीपुरता, सकाळी दवाखाना गाठायचाच.

पुदिन्याच्या जातीतल्या मेंथॉलची गंमत वेगळीच. ते त्वचा थंड करत नाही, थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना फक्त चाळवते. त्या थंडाव्यात दुखणे मागे पडते. हा थंडी ओळखणारा रेणू २००२ साली मेंथॉलच्याच मदतीने सापडला. तो शोधणाऱ्या ज्युलियस आणि पटापुटियन या शास्त्रज्ञांना उष्णता व स्पर्श यांच्या संवेदनांवरील कामासाठी २०२१ चे नोबेल मिळाले.

आपल्या खानदेशातले रोशा गवत तर जुने नावाजलेले. त्याचे तेल पूर्वी मुंबईहून थेट तुर्कस्तानात जाई आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई! घरोघरी मात्र ते सांधेदुखीवर चोळले जाते.

आता महत्त्वाचे. ही तेले नुसती कधीच लावू नका. चमचाभर खोबरेल तेलात दोन-तीन थेंब पुरेत. आधी मनगटावर लावून पाहा. चिरलेल्या जागी, डोळ्यांजवळ नको. चोळल्यावर वरून शेक देऊ नका, कातडी भाजते.

विंटरग्रीनच्या तेलात अ‍ॅस्पिरिनचाच भाऊबंद असतो. एक चमचा तेल पोटात गेले तर वीसहून अधिक अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या घेतल्यासारखे होते. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते लावू नये.

कापूर थोडा जरी पोटात गेला तरी लहान मुलांना झटके येऊ शकतात. तान्ह्या बाळाच्या नाकाला बाम तर नकोच नको. बाटल्या देव्हाऱ्याजवळ किंवा ओट्यावर न ठेवता वरच्या फळीवर ठेवा. कुणी तेल प्यालेच, तर उलटी करवू नका. बाटली हातात घेऊन तडक दवाखाना गाठा.

आणि छातीत दुखून घाम फुटला, हात भरून आला, तर बाम चोळत बसू नका. ‘आधी एवढ्या पोळ्या लाटून घेते’ असे म्हणणाऱ्या आपणच असतो. पोळ्या राहू द्या. आधी डॉक्टर!