शस्त्रधारण, अस्वलांच्या प्रदेशातील

अस्वलांचा वावर असलेल्या प्रदेशात प्रवास, संशोधन, मासेमारी, शिकार इ. कारणांसाठी जाणाऱ्या व्यक्तीने स्वतःच्या व सोबत्यांच्या संरक्षणार्थ भरलेले अग्निशस्त्र जवळ बाळगण्याची प्रथा. ती मुख्यत्वे अलास्का, पश्चिम व उत्तर कॅनडा, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील (अ. सं. सं.) रॉकी पर्वताचा भाग आणि नॉर्वेच्या अधिपत्याखालील स्वालबार हा आर्क्टिक द्वीपसमूह येथे आढळते. माणसापासून संरक्षणासाठी शस्त्र बाळगावे की नाही, या प्रश्नाइतका हा प्रश्न वरकरणी वादग्रस्त वाटत नाही. प्रत्यक्षात तो तितकाच बिकट आहे. अस्वलाचा हल्ला ही क्वचित घडणारी घटना होय. उलट भरलेल्या शस्त्रापासूनचा धोका ते जवळ असेपर्यंत, तंबूत, नावेत व मोटारीतही कायम असतो. या दोन धोक्यांचा मेळ घालण्याच्या प्रयत्नांतून या प्रथेचे बहुतेक नियम निर्माण झाले आहेत.

अस्वलांचे वर्तन : उत्तर अमेरिकेत तीन जाती महत्त्वाच्या आहेत. तपकिरी अस्वल (अर्सस आर्क्टॉस; याच्या अंतर्भागातील प्रकारास ग्रिझली म्हणतात) बहुधा बचावासाठी हल्ला करते. पिले जवळ असलेली मादी किंवा मारलेल्या जनावरावर बसलेले अस्वल यांच्याशी अवचित गाठ पडणे हे त्याचे नेहमीचे कारण होय. काळे अस्वल (अर्सस अमेरिकानस) सहसा माघार घेते. ध्रुवीय अस्वल (अर्सस मॅरिटिमस) मात्र माणसाकडे भक्ष्य म्हणूनही पाहू शकते. तपकिरी अस्वल ताशी सु. ५० किमी. वेगाने, म्हणजे सेकंदाला सु. १४ मी. धावते. झुडपांतून ३० मी. अंतरावर ते प्रकट झाले, तर माणसास जेमतेम दोन सेकंद मिळतात. एवढ्या अवधीत खांद्यावरची रायफल उतरवणे, कक्षात काडतूस चढवणे, सुरक्षा-खटका सोडणे, नेम धरणे व चाप ओढणे या पाच क्रिया व्हाव्या लागतात. शिवाय अस्वलाच्या धावून येण्यापैकी बऱ्याच वेळा ती नुसती हूल असते व ते काही मीटरांवर थांबून परत फिरते. तेव्हा गोळी झाडावी की नाही, हा निर्णयही त्याच दोन सेकंदांत घ्यावा लागतो.

शस्त्राची सिद्धता : ‘भरलेले’ या शब्दाचे व्यवहारात निरनिराळे अर्थ होतात. काडतुसे मॅगझीनमध्ये असून नळीच्या मुळाशी असलेला कक्ष रिकामा असणे ही एक स्थिती. कक्षात काडतूस असून खटका लावलेला असणे ही दुसरी. पहिल्या स्थितीत शस्त्र आपटल्याने वा चाप अडकल्याने गोळी सुटू शकत नाही, मात्र एक क्रिया व तीस लागणारा वेळ वाढतो. स्वालबारमध्ये बर्फावरच्या मोकळ्या प्रवासात पहिली स्थिती योग्य मानतात. तेथे दृष्टिपथ लांब असल्यामुळे ध्रुवीय अस्वल बहुधा दुरून दिसते व काडतूस चढवण्यास अवसर मिळतो. अलास्काच्या किनारी भागातील दाट वनात हे गणित बदलते. म्हणून एका प्रदेशाचा दंडक दुसऱ्या प्रदेशास जसाच्या तसा लावण्यात अर्थ नाही.

शस्त्राच्या शक्तीबाबतही बरेच गैरसमज आहेत. हृदयास गोळी लागलेले मोठे अस्वलही काही सेकंद पुढे येऊ शकते. त्यास जागीच थांबवायचे, तर मेंदू, पाठीचा कणा अथवा खांद्याचे हाड भेदावे लागते. अमेरिकेच्या वनसेवेने अलास्कातील कर्मचाऱ्यांसाठी जवळच्या अंतरावरील गोळ्यांच्या परिणामांची चाचणी करून १९८३ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यात जड गोळीच्या, मोठ्या व्यासाच्या रायफली सरस ठरल्या. कडाक्याच्या थंडीत वंगण घट्ट होते, तर उबदार खोलीत आणलेल्या शस्त्रावर बाष्प साठून ते बाहेर नेताच गोठते. यास्तव आर्क्टिकमध्ये रायफल झोपडीच्या थंड पडवीत ठेवण्याची रीत आहे. नळीत बर्फ शिरला, तर गोळी झाडताना नळी फुटण्याचा संभव असतो.

स्वालबार : या विषयाचे सर्वांत रेखीव नियम येथे आढळतात. वस्तीबाहेर जाणाऱ्याने अस्वलास घाबरवून पिटाळण्याचे योग्य साधन जवळ बाळगणे कायद्याने बंधनकारक आहे. शिवाय अग्निशस्त्रही न्यावे, अशी राज्यपालाच्या कार्यालयाची शिफारस असते. लाँगियरब्येन या मुख्य गावात मात्र भरलेले शस्त्र घेऊन फिरण्यास बंदी असून दुकानांच्या दारांवर शस्त्र आत न आणण्याच्या सूचना लावलेल्या असतात. म्हणजे एकच रायफल गावाच्या वेशीबाहेर आवश्यक व वेशीच्या आत निषिद्ध ठरते. ध्रुवीय अस्वलास येथे १९७३ पासून संरक्षण आहे. गोळी घालणे हा अखेरचा उपाय असून अस्वल मारले गेल्यास त्या घटनेची चौकशी होते. २०२५ पासून अस्वलापासून किमान ३०० मी. आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मी. अंतर राखणे सक्तीचे झाले आहे.

नियम असूनही दुर्घटना टळत नाहीत. ऑगस्ट २०११ मध्ये ब्रिटिश तरुणांच्या एका मोहिमेच्या तळावर अस्वलाने हल्ला केला. तळाभोवती ताणलेल्या तारेचा इशारा-बार उडाला नाही. रायफलही आरंभी उडाली नाही व काडतुसे तशीच बाहेर पडली. एक तरुण मृत्यू पावला व चौघे जखमी झाले. त्यानंतरच अस्वलास मारता आले. शस्त्र जवळ असणे आणि ते घाबरलेल्या हातांनी चालवता येणे, यांतील अंतर या घटनेत स्पष्ट दिसते. ऑगस्ट २०२० मध्ये लाँगियरब्येनच्या विमानतळाजवळील तंबूतळावर आणखी एक मनुष्य अस्वलाच्या हल्ल्यात मरण पावला.

परिणामकारकता : अलास्कातील १८८३ ते २००९ या काळातील २६९ घटनांचा टॉम स्मिथ, स्टीव्हन हेरेरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला (२०१२). पिस्तूल वर्गातील शस्त्रे ८४ टक्के, तर लांब नळीची शस्त्रे ७६ टक्के घटनांत यशस्वी ठरली. तथापि शस्त्र वापरणारे व जवळ असूनही न वापरणारे यांच्या इजांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. अपयशाच्या कारणांत वेळ न मिळणे, नेम चुकणे, शस्त्र अडकणे व सुरक्षा-खटका लावलेलाच राहणे ही प्रमुख होत. याच गटातील संशोधकांनी २००८ मध्ये मिरचीतील कॅप्सेसिन या तिखट द्रव्याच्या फवाऱ्याची पाहणी प्रसिद्ध केली होती. तपकिरी अस्वलांचे नको असलेले वर्तन या फवाऱ्याने ९२ टक्के प्रसंगांत थांबले व तो बाळगणाऱ्यांपैकी ९८ टक्के व्यक्तींना इजा झाली नाही. या आकड्यांची थेट तुलना करून फवारा बंदुकीपेक्षा श्रेष्ठ असल्याचे पुष्कळदा सांगितले जाते, ते सावधपणे घ्यावयास हवे. फवाऱ्याच्या घटनांत केवळ कुतूहलाने जवळ आलेली अस्वले बरीच होती, तर बंदुकीच्या घटनांत चालून येणाऱ्यांचे प्रमाण अधिक होते. फवाऱ्याचा पल्ला ७ ते ९ मीटरांच्या आसपास असतो आणि उलटा वारा त्यास निष्प्रभ करतो. मात्र त्याला अचूक नेमाची गरज नाही व चूक झाल्यास सोबत्याचा जीव जात नाही, हा त्याचा गुण निर्विवाद आहे.

कायदा : अ. सं. सं. मधील बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत पूर्वी शस्त्र रिकामे करून बंद ठेवावे लागे. २०0९ च्या कायद्यानुसार २२ फेब्रुवारी २०१० पासून तेथे शस्त्र बाळगण्यास संबंधित राज्याचा कायदा लागू झाला. गोळी झाडण्यावरील बंदी मात्र सामान्यतः कायम राहिली. अलास्कात जीव वाचवण्यासाठी अस्वल मारता येते, परंतु ते चिथावल्यामुळे किंवा अन्न व केरकचरा निष्काळजीपणे उघडा टाकल्यामुळे आलेले नसावे. मारणाऱ्याने घटना कळवून कातडे व कवटी राज्याच्या स्वाधीन करावयाची असते. संरक्षणाच्या नावाखाली शिकार होऊ नये, हा त्यामागील हेतू उघड आहे.

भारतात ही प्रथा नाही. चंद्रपूर, गडचिरोली इ. जिल्ह्यांत मोहफुले व तेंदूपाने गोळा करणाऱ्यांवर अस्वलाचे (मेलर्सस अर्सिनस) हल्ले होतात. पण तेथील लोकांजवळ काठी वा कुऱ्हाडीपलीकडे काही नसते. ते गटाने व आवाज करीत जंगलात जातात. अग्निशस्त्रास १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवाना लागतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील कलम ११ प्रमाणे स्वतःच्या वा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्‌भावनेने वन्य प्राण्यास मारणे हा अपराध नाही. मात्र त्या वेळी संबंधित व्यक्ती त्याच अधिनियमाचा भंग करीत असल्यास हे संरक्षण मिळत नाही. मारलेला प्राणी शासनाची मालमत्ता ठरतो. कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात कोणतेही शस्त्र नेता येत नाही.