एका मशीनवर चार स्पीकर

आमच्या घरी स्टिरिओचे मशीन आहे. त्याला अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात. अण्णांनी ते दुधाच्या पैशातून घेतले आहे. त्याचे दोन स्पीकर माजघरात आहेत. आजीचे गुडघे धरलेत, म्हणून ती पडवीतच खाटेवर असते. तिला कीर्तन ऐकू यावे म्हणून काकांनी आणखी एक जोडी आणली. अण्णा म्हणाले, "जोड बाबा, पण मशीन जळलं तर दुसरं घेणं व्हायचं नाही." माझे काका वायरमन आहेत. मी शेजारी बसून सगळे पाहिले, ते सांगते.

मशीनच्या मागे डावा आणि उजवा असे दोन भाग असतात. डाव्याचे स्पीकर डाव्यालाच जोडायचे, उजव्याचे उजव्याला. ते एकमेकांत मिसळायचे नाहीत.

आता मुख्य गोष्ट. स्पीकरच्या पाठीवर ८ ओहम किंवा ४ ओहम असे लिहिलेले असते. ओहम हे विजेच्या वाटेतला अडथळा मोजायचे माप आहे. जॉर्ज ओहम नावाचे जर्मन शास्त्रज्ञ होते. त्यांनी १८२७ साली विजेचा नियम पुस्तकात छापला. ते शाळेत गणित शिकवायचे, आपल्या गुरुजींसारखे!

कोणालाही वाटेल, स्पीकर वाढले म्हणजे अडथळा वाढला. पण तसे नसते. पाटाला एक दार उघडले की पाणी बेताने जाते. शेजारी तेवढेच दुसरे दार उघडले की दुप्पट जाते. तसेच ८ ओहमचे दोन स्पीकर शेजारी शेजारी जोडले की ४ ओहम होतात. तीन जोडले तर पावणेतीनपेक्षाही कमी. मग मशीनला जास्त वीज द्यावी लागते, ते तापते आणि जळूसुद्धा शकते. आमच्या मशीनवर '४ ते १६ ओहम' लिहिले आहे, म्हणून काकांनी प्रत्येक बाजूला दोन स्पीकर असे जोडले. नुसते ८ लिहिले असते तर हे चालले नसते.

दुसरी रीत म्हणजे आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागे एक जोडायचे. मग ८ आणि ८ मिळून १६ होतात. मशीनला त्रास नाही, पण आवाज लहान येतो आणि एक तार तुटली की दोन्ही स्पीकर मुके. एका बाजूला चार लावायचे असतील तर दोन-दोनच्या अशा दोन गाड्या करून त्या शेजारी जोडायच्या. पुन्हा ८ होतात! मी पाटीवर करून पाहिले.

तांबडी खूण म्हणजे अधिक, काळी म्हणजे उणे. एक स्पीकर उलटा लागला तर एकाचा कागद बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो आणि मृदंगाचा घुमारा कमी होतो. नव्या स्पीकरची खूण पुसली होती. काकांनी टॉर्चचा एक सेल क्षणभर टेकवला. टक् झाले आणि कागद पुढे आला. सेलची टोपी जिथे लागली होती ते अधिक. मला हीच गंमत सगळ्यात आवडली.

हे सगळे मशीनची पिन काढून आणि मोठे माणूस जवळ असतानाच करायचे. वायरची टोके सोलून घट्ट पीळ घालायचा. तांब्याचा एक केससुद्धा शेजारच्या खुणेला टेकता कामा नये.