निर्वासित मुलगी ते राष्ट्राध्यक्ष

वाइरा वीके-फ्रेइबेर्गा यांचा जन्म 1937 चा, लाटव्हियातल्या रीगातला. महायुद्धाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा पुढे सरकू लागल्या आणि कुटुंबाने देश सोडला. जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीत त्यांची तान्ही बहीण दगावली. पुढे मोरोक्कोतले कासाब्लांका आणि 1954 मध्ये कॅनडा. टोरांटोत बँकेच्या काउंटरवर नोकरी करून त्या शिकल्या आणि माँट्रियल विद्यापीठात तीन दशकांहून अधिक काळ मानसशास्त्र शिकवत राहिल्या.

मातृभूमी मात्र सुटली नाही. ‘दाइना’ ही लाटव्हियाची चार-चार ओळींची लोकगीते. क्रिश्यानिस बारोन्स यांनी कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरवून ती खास कपाटाच्या खणांत लावून ठेवली होती. त्यांतल्या सूर्यगीतांचा अभ्यास वाइरा आणि त्यांचे संगणकतज्ज्ञ पती इमांट्स यांनी संगणकाच्या मदतीने केला. त्यांच्या राजकारणापेक्षाही हे काम मला मोठे वाटते. परक्या भूमीवर भाषा जपायची ती अशी.

1998 मध्ये त्या मायदेशी परतल्या. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक अडली. सुरुवातीच्या उमेदवारांत त्यांचे नावही नव्हते, पक्षही नव्हता. तरी संसदेने, म्हणजे ‘साइमा’ने, त्यांनाच निवडले. त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. पदावर येताच त्यांनी वादग्रस्त भाषा कायदा फेरविचारासाठी परत धाडला. 2003 मध्ये फेरनिवड झाली, 2004 मध्ये लाटव्हिया नाटो आणि युरोपीय संघात सामील झाला. 2007 मध्ये त्यांची कारकीर्द संपली.