इंटरनेटचं बिल कमी करून घ्यायचंय? फोन लावण्याआधी हे वाचा



खर्चाच्या व्हिडिओत मी म्हणाले होते, की दर महिन्याला गपचूप जाणाऱ्या पैशांकडे आपलं लक्षच नसतं. इंटरनेटचं बिल त्यातलंच एक. व्हिडिओत त्याला जेमतेम अर्धं मिनिट मिळालं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

सुरुवात माझ्या फजितीपासून करू. माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान खाली, घर वर. दोन्हीकडे कनेक्शन एकच. ऑनलाइन फॉर्म, प्रिंट, यूपीआय, मुलाचा अभ्यास, सगळं त्याच्यावरच. बिल होतं ९९९ रुपये अधिक जीएसटी. बीबीएला निगोसिएशन शिकलेली मी, जोरात कस्टमर केअरला फोन लावला. म्हटलं, "रेट कमी करा, नाहीतर कनेक्शन बंद करते."

पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "ठीक आहे मॅडम, बंद करायची रिक्वेस्ट टाकू का?"

मी गप्प. कारण आमच्या गल्लीत दुसऱ्या कोणाची लाइन येते का, हे मी बघितलंच नव्हतं. "नको, विचार करून सांगते," म्हणून फोन ठेवला आणि पुढचे सहा महिने तेच बिल मुकाट्याने भरलं.

त्या दिवशी एक गोष्ट पक्की कळली. घासाघीस आवाजाच्या जोरावर होत नाही. समोरच्याने "नाही" म्हटलं तर उद्या तुम्ही काय करणार, याचं खरं उत्तर तुमच्याकडे असेल तरच होते. ते उत्तर कसं तयार करायचं, ते आता बघू.

१. आधी स्वतःचं बिल वाचा

प्लॅनचं नाव, स्पीड, डेटाची मर्यादा आणि संपायची तारीख वहीत लिहा. इंटरनेटवर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे ९९९ चा प्लॅन प्रत्यक्षात १,१७८ रुपये ८२ पैशांना पडतो. जाहिरातीतला आकडा आणि खिशातून जाणारा आकडा वेगळा असतो. तुलना करताना दोन्हीकडे जीएसटी धरूनच करा.

मग बघा, तुम्हाला स्पीड किती लागतो. इथे बरेच जण फसतात. प्लॅनवर एमबीपीएस लिहिलेलं असतं, ते मेगाबिट. आठ बिटचा एक बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल जास्तीत जास्त सेकंदाला साडेबारा एमबीने उतरते. एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस पुरतो. यूपीआय आणि बिलिंगला तर त्याहून खूपच कमी. दोन-चार मोबाइल, एक टीव्ही आणि दुकानाचा कॉम्प्युटर एवढ्यासाठी ४०-५० चा प्लॅन आरामात चालतो. मी दीडशेचे पैसे भरत होते! कधीकधी घासाघीस करायचीच गरज नसते, फक्त खालच्या प्लॅनवर यायचं असतं.

२. खरा पर्याय शोधा

अॅपवर पिनकोड टाकला की "सेवा उपलब्ध" दिसतं, पण तुमच्या बिल्डिंगपर्यंत फायबर आलेली असेलच असं नाही. शेजारच्या दुकानदाराला विचारा, "तुमच्याकडे कोणाचं नेट आहे? पावसाळ्यात बंद पडतं का? तक्रार केल्यावर माणूस किती दिवसांत येतो?" ही माहिती कुठल्याही जाहिरातीत मिळत नाही. मग त्या कंपनीच्या माणसाला बोलावून लाइन येते का ते प्रत्यक्ष बघून घ्या आणि रेट व्हॉट्सअॅपवर लेखी मागा.

मोबाइलसारखं इथे पोर्ट करता येत नाही. नवीन लाइन, नवीन राउटर, नवीन जोडणी. म्हणून जोडणीचे पैसे आणि डिपॉझिटही हिशेबात धरा.

३. योग्य माणसाशी बोला

कस्टमर केअरवर पहिला फोन उचलणाऱ्याला स्क्रीनवर दिसतात तेवढेच प्लॅन देता येतात. त्याच्यावर चिडून काही उपयोग नाही. "कनेक्शन बंद करायचंय, त्या विभागाशी बोलायचंय," असं सांगा. ग्राहक टिकवणं हे त्या विभागाचं काम असतं, त्यामुळे ऑफर असली तर बहुतेक तिथेच असते. नेट गावातल्या केबलवाल्यामार्फत असेल तर थेट त्या दादांशी बोला. छोट्या कंपनीत निर्णय मालकच घेतो, तिथे जास्त वाव असतो.

फोन प्लॅन संपायच्या आठ-दहा दिवस आधी करा. रिचार्ज झाल्यावर तुमच्या हातात काही राहत नाही.

४. काय बोलायचं?

दुसऱ्यांदा मी असं बोलले:

"दादा, मी तीन वर्षांपासून तुमची ग्राहक आहे, एकही बिल उशिरा भरलेलं नाही. शेजारी दुसऱ्या कंपनीची लाइन आली आहे, ५० चा प्लॅन ७९९ ला देतायत. मला बदलायचं नाही, तुमची सर्व्हिस चांगली आहे. तुम्ही काय करू शकाल?"

एवढं बोलून गप्प बसा. हे सगळ्यात अवघड आहे. आपण लगेच "बरं, नाही जमलं तरी चालेल" म्हणून मोकळे होतो. दहा सेकंद शांत राहा, समोरच्याला विचार करू द्या.

आणि खोटा रेट सांगू नका. समोरचा रोज हेच काम करतो, त्याला बाजार तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतो.

५. रेट हलत नसेल तर दुसरं मागा

मोठ्या कंपन्यांचे प्लॅन ठरलेले असतात. तिथल्या माणसाला ९९९ चे ८९९ करता येत नाहीत, पण एखादा महिना जास्त देता येतो, राउटर बदलून देता येतो, जोडणीचे पैसे माफ करता येतात, तुम्ही कधीच न बघितलेल्या ओटीटीशिवायचा स्वस्त प्लॅन दाखवता येतो. "आणखी काय देऊ शकता?" हा प्रश्न विचारल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. जे ठरेल ते मेसेजवर मागून घ्या.

इथे एक इशारा. माझ्या बॅचमधल्या एक ताई घरून लाइव्हवर साड्या विकतात. नवीन कंपनीने स्वस्त रेट दिला, पण वर्षाचे पैसे एकदम घेतले. दुसऱ्याच महिन्यात ऐन सणाच्या लाइव्हमध्ये नेट गेलं, माणूस आला तिसऱ्या दिवशी. पैसे आधीच दिलेले, त्यामुळे बदलायची सोय नाही. वर्षभराची सूट घ्यायची असेल तर आधी एक-दोन महिने वापरून बघा. जुनी लाइनही नवी नीट चालेपर्यंत बंद करू नका. जुना राउटर परत करताना पावती घ्या, नाहीतर डिपॉझिट अडकतं.

नेट बंद पडलं की तक्रारीचा डॉकेट नंबर लिहून ठेवायची सवय लावा. "सारखं बंद पडतं" यापेक्षा "दोन महिन्यांत पाच तक्रारी, हे नंबर" यात जास्त वजन आहे.

मिळालं काय?

माझं बिल ९९९ वरून ७९९ वर आलं. जीएसटीसकट महिन्याला २३६ रुपये, वर्षाला २,८३२. तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? आता दुकानदाराच्या डोक्याने बघा. तुमचं मार्जिन १५ टक्के असेल तर २,८३२ रुपये कमवायला १८,८८० रुपयांचा माल विकावा लागतो. किती वह्या, किती पेनं! ते दोन फोनमध्ये झालं.

(जीएसटी नोंदणी असेल आणि धंद्यासाठीचं बिल तुमच्या जीएसटी क्रमांकासह असेल, तर त्या कराचं इनपुट क्रेडिट मिळू शकतं. कंपोझिशनमध्ये असाल तर मिळत नाही. तुमच्या सीएंना विचारून घ्या.)

खरं सांगू? पैशांपेक्षा मोठी गोष्ट सरावाची आहे. उद्या तुम्हाला होलसेलरशी रेटवर बोलायचंय, जागामालकाशी भाड्यावर बोलायचंय. तिथे चुकलं तर महागात पडतं. इंटरनेटच्या फोनवर चुकलं तर फार तर माझ्यासारखी फजिती होते. म्हणून शिकायला ही जागा चांगली.

आजचा गृहपाठ: बिल काढा, खरा आकडा लिहा, शेजारच्या दोन जणांना विचारा. फोन त्यानंतरच. काय मिळालं ते मला नक्की कळवा. नाही मिळालं तर तेही कळवा, कुठे अडलं ते आपण मिळून बघू.