दिशदाशा आणि खंजीर

पोशाख नुसता पेटीत ठेवून टिकत नाही, तो अंगावर असावा लागतो. ओमानकडे पाहून आम्हांस हे पटते. तेथील पुरुष घोट्यापर्यंतचा, बिनकॉलरचा दिशदाशा घालतात. गळ्याशी लोंबणाऱ्या फुराखा नावाच्या गोंड्यास अत्तर लावतात. डोक्यावर कशिद्याची कुम्मा टोपी किंवा मस्सर हे मुंडासे असते. सरकारी कचेरीतही हाच वेष चालतो. उन्हाळ्यात हा सैल अंगरखा सोयीचाही पडतो. कमरेचा खंजीर मात्र लग्नासमारंभापुरता उरला. तरी त्याची कारागिरी जिवंत आहे. २०२२ साली युनेस्कोने तिची वारसा म्हणून नोंद केली. आपली नऊवारी व फेटाही आता सणापुरतेच. वाचकहो, निदान त्या दिवशी तरी मुलांना नेसायला, बांधायला शिकवू या.