आकडा सांगणाऱ्याचे हात मोकळे असावेत

शिरूर तालुक्यातील वडगाव रासाई हे भीमाकाठचे गाव. अशा गावातील वडिलोपार्जित घर किंवा दुकान तारण ठेवायचे असो वा भावंडांत वाटून घ्यायचे असो, एके दिवशी मूल्यांकक टेप घेऊन दारात येतो. त्याच्या आकड्यावर घरातील सर्वांचे लक्ष असते. त्याच्या अडचणींकडे सहसा कोणाचे जात नाही.

शेतजमिनीला सातबारा असतो. गावठाणातील घरासाठी मात्र अनेकदा ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावरच भागवावे लागते. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे गावठाणे मोजून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. तरीही भिंत सामाईक आहे का, मागील खोली कोणाच्या ताब्यात आहे, हे जागेवरच कळते. तेथे कधी भाडेकरू दार उघडत नाही, कधी चुलतभाऊ मोजणी अडवतो. नदीकाठच्या मिळकतीसाठी पूररेषेचीही चौकशी करावी लागते. १ एप्रिल २००१ पूर्वीची मिळकत विकताना कराच्या हिशेबासाठी त्या दिवशीचे बाजारमूल्य हवे असेल, तर जुन्या व्यवहारांचे पुरावे शोधावे लागतात.

याहून कठीण असते ती घरातूनच होणारी विनवणी. कर्ज हवे असेल तेव्हा ‘थोडे वाढवा’. बहिणीचा हिस्सा द्यायचा असेल तेव्हा ‘थोडे कमी धरा’. वाढवलेल्या आकड्यावर घेतलेले कर्ज मंदीत दुकानच गिळते, आणि घटवलेला आकडा माहेरचे दार बंद करतो. कंपनी कायद्याखालील २०१७ च्या नियमांतील आचारसंहितेनुसार, काम यशस्वी झाल्यावर अवलंबून असणारे शुल्क मूल्यांककाला घेता येत नाही. ते नियम विशिष्ट मूल्यांकनांपुरते असले, तरी त्यांमागील तत्त्व घरच्या वाटणीतही पाळण्यासारखे आहे.

म्हणून मूल्यांककाला बोलावण्यापूर्वी कागद एकत्र करावेत, सर्व हिस्सेदारांना व भाडेकरूंना दिवस कळवावा, शुल्क आधीच ठरवावे आणि अपेक्षित आकडा मात्र सांगू नये.

तत्त्वार्थसूत्राने सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, आणि अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत कमी-अधिक मापे वापरणे गणले आहे. आपला व्यापारी तराजूचे पावित्र्य पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. घराचे मूल्य हेही एक मापच आहे. कृत, कारित आणि अनुमोदित या तिन्ही वाटांनी दोष लागतो. म्हणून खोटा आकडा लिहिणाऱ्याइतकाच तो लिहून घेणाराही त्याचा भागीदार ठरतो.